विरजण चालू आहे ना?

ढवळे सरांनी तुम्हाला दह्याची वाटी दिली नसेल, तर तुम्ही आमच्या कॉलनीत राहतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही बारामतीत राहायला आलो त्या दिवसाचीच गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं, माझ्या डोक्यावर गुंडाळलेली गादी होती, आणि दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ येऊन उभे. ऐन दुपारी अंगात स्वेटर. हातात स्टीलची छोटी वाटी, वाटीवर बशी. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. म्हणाले, "विरजण आहे. सगळं खाऊन टाकू नका. चमचाभर मागं ठेवायचं, रोज लावायचं, मोडू द्यायचं नाही."

"अहो, पण तुम्ही कोण?" मी गादीखालून विचारलं.

"शेजारी. वाटी सावकाश द्या, पण रिकामी देऊ नका." आणि वाटी उंबऱ्याशी ठेवून चालू लागले.

मी गादी खाली टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "कुठं आणून टाकलंत हो मला!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रुजू झाले, तर स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीत हेच बसलेले. कपाळ माझं! मी अकाउंट्स शिकवते. सर मालाची ने-आण शिकवायचे, आणि त्यांच्या संशोधनाचं नाव होतं 'लवचिक आणि शाश्वत पुरवठा साखळी'. नाव ऐकून मी जांभई दाबली. ती त्यांनी पाहिली.

"शैलाताई, नाव जड आहे, विषय साधा आहे," म्हणाले. "पूल पाण्याखाली गेला, संप झाला, साथ आली, तरी सकाळी लेकराच्या पेल्यात दूध यायला पाहिजे. ते वाटेत नासायला नको, आणि उगाच डिझेल जळायला नको. बास. हे कसं जमवायचं, ते मी शोधतो."

"मग सापडलं का?"

"सापडतं. मग तेही बंद पडतं." आणि त्यांनी शांतपणे चहा घेतला.

बंद पडणं हा सरांचा खास प्रांत. 'आणि हे बंद पडलं तर?' हा प्रश्न त्यांनी विचारला नाही अशी वस्तू बारामती तालुक्यात नसेल. भाजी दोन भाजीवाल्यांकडून घ्यायचे, निम्मी निम्मी. केस एकदा स्टँडजवळच्या सलूनात कापायचे आणि पुढच्या खेपेला मार्केट यार्डाजवळच्या. का? तर एक कारागीर गावी गेला तर दुसऱ्याला आपलं डोकं ओळखीचं असावं. दोघांच्या दोन तऱ्हा, त्यामुळे सरांचं डोकं कायम कुणीतरी अर्धवट सोडल्यासारखं दिसायचं. पँटला पट्टा असायचाच, शिवाय खिशात सुतळीचा एक तुकडा असायचा. ती सुतळी कशासाठी हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तासभर गेला असता.

इंदापूरला जायचं तर जाताना जंक्शन नावाच्या गावावरून आणि येताना भिगवणवरून. मी म्हणायचे, "सर, एवढा वळसा कशाला?"

"रस्ता वापरात नसला की आपण त्याला विसरतो, शैलाताई. मग अडचणीच्या दिवशी तोही आपल्याला ओळख देत नाही."

बरं, डिझेलचं काय, असं विचारायची सोय नव्हती, कारण सरांची गाडी कधी रिकामी नसायची. रिकामी फेरी म्हणजे त्यांच्या लेखी पाप. जाताना कुणाची शिलाई मशीन, येताना कुणाचे डाळिंबाचे क्रेट. एकदा मला कॉलेजातून घरी सोडतो म्हणाले. मी मागचं दार उघडलं तर आत शेळी! सर म्हणाले, "ती सणसरला उतरणार आहे. तुम्ही पुढं बसा." आमचं घर कॉलेजच्या पश्चिमेला, सणसर पूर्वेला. मी शेळीच्या आधी उतरले नाही, एवढं सांगते.

आणि रिकाम्या फेरीवरून ते थेट स्वयंपाकघरात यायचे. "रिकामं भांडं परत देऊ नये, असं आपल्या आज्ज्या उगाच म्हणत होत्या का? परतीच्या गाडीचं गणित त्यांना कळत होतं."

दूध संकलन केंद्रांवर सर तासन्‌तास बसायचे. टँकरबरोबर फिरायचे, टँकर कुठं थांबतो, का थांबतो, थांबला की दूध किती वेळ टिकतं, सगळं विचारायचे. ड्रायव्हर लोकांचा त्यांच्यावर जीव होता, पण धास्तीही होती. त्यातला एक जण मला म्हणाला, "म्याडम, सर गाडीत बसलं की मला माझ्याच ब्रेकाचा भरवसा वाटंना झालाय. आन ह्ये बंद पडलं तर, आन त्ये बंद पडलं तर! आवं, देवाचं नाव घिऊन गाडी चालवतोय आमी."

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला तर कहरच झाला. पाहुणे जमलेले, गुरुजी आलेले, नवरदेव वाटेत. सरांनी मुलीच्या मामांना बाजूला घेऊन विचारलं, "नवरदेव एकाच गाडीतून येतोय का? ती बंद पडली तर दुसरी सोय काय केलीय?"

मामा गावाकडचे, मिशाळ. त्यांनी सरांना वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, दुसरा नवरदेव ठिवू का राखीव? तुमीच बसता का बोहल्यावर?"

सगळा मांडव हसला. नवरदेव अगदी वेळेवर आला. सर जरा हिरमुसल्यासारखेच वाटले मला.

पण सगळ्यात मोठा ताप विरजणाचा. कॉलनीतल्या प्रत्येक घरात सरांची वाटी गेलेली, आणि प्रत्येक घराची चौकशी चालू. जिन्यात गाठ पडली तरी तेच, एटीएमच्या रांगेत तरी तेच. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळे विभागप्रमुख बसलेले, परीक्षेच्या गोंधळावर गंभीर चर्चा चाललेली, आणि सर माझ्याकडं वाकून विचारतात, "विरजण चालू आहे ना?" प्राचार्य बोलायचे थांबले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सर घरात एकटेच. त्यांच्या पत्नी, वसुधाताई, आम्ही यायच्या बऱ्याच आधी गेलेल्या. मूलबाळ नाही. हॉलमध्ये ताईंचा एक फोटो होता, त्याला हार नव्हता. शेजारी भिंतभर बारामती-इंदापूरचा नकाशा, त्यावर टाचण्या आणि लाल-हिरवे दोरे. लाल म्हणजे नेहमीचा रस्ता, हिरवा म्हणजे तो बंद पडला तर घ्यायचा. एकट्या माणसाला काहीतरी नाद लागतो, तसा हा दह्याचा नाद, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. त्यापलीकडं कुणी विचार केला नाही.

कॉलनीत दूध घालायला रामभाऊ गवळी यायचे. सगळ्या घरांना तेच एक. म्हशीचं दूध, बोटाला साय चिकटेल असं. मग रामभाऊंचे गुडघे गेले, मुलं पुण्याला नोकरीला, त्यांनी म्हशी विकून टाकल्या. झालं! अख्खी कॉलनी पिशवीच्या दुधावर आली. पिशवीच्या दुधाचं दही कुणाला पाणचट लागलं, कुणाला लावायचा कंटाळा आला, आणि एकेका घरात दुकानातला दह्याचा डबा येऊन बसला. आमच्याही घरात बसला. वर्षानुवर्षं चाललेलं विरजण असं आठ-पंधरा दिवसांत घराघरांतून मोडलं, आणि मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

सरांनी काय केलं असेल? त्यांना रामभाऊंखेरीज दुसऱ्या ठिकाणाहूनही दूध आणायची सवय होतीच, म्हणून त्यांचं विरजण चालू राहिलं. आणि आमची चौकशीही चालू राहिली. "विरजण चालू आहे ना?"

"चालू आहे, सर." सगळे हेच म्हणायचे. कुणाला खोटं बोलायची हौस नव्हती, फक्त ते अर्ध्या तासाचं व्याख्यान नको होतं.

गंमत बघा. हाच माणूस वर्गात पोरांना घसा ताणून सांगायचा, "पुरवठादार 'माल आहे' म्हणाला म्हणजे माल आहे असं धरू नका. गोदामात जा. पोत्याला हात लावा." पण शेजाऱ्याच्या फ्रिजला हात कसा लावणार? तिथं त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

यंदा ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला त्या सुमाराला सर कुठल्याशा परिषदेला नागपूरला गेले. निबंध वाचला, आणि संध्याकाळी तापानं फणफणले. डेंग्यू निघाला. तिथंच दवाखान्यात ठेवलं. इकडं आमच्या कॉलनीची डीपी जळाली आणि नवी मिळेपर्यंत आम्ही मेणबत्त्या नि शिव्या यांवर दिवस काढले. सरांचं घर बंद. फ्रिज बंद. निघताना त्यांनी एक वाटी खालच्या कप्प्यात आणि एक बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, म्हणजे एक गेली तर दुसरी असावी. दोन्ही वाट्या एकाच फ्रिजमध्ये!

सर परतले ते निम्मे होऊन. स्वेटर खांद्यावरून लोंबत होता. दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते, तर खाली सर हातात वाटी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसले. दार उघडायचं, घरातली बाई काहीतरी बोलायची, खाली बघायची, सर मान हलवायचे, पुढच्या दारात. कुणी आतून डबा आणून दाखवत होतं, सर हातानं नको म्हणत होते. आणि त्यांच्या हातातली वाटी रिकामी होती. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी माझ्या दारात आले. नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज निराळा होता. "शैलाताई, विरजण चालू आहे ना?"

आता काय सांगू? म्हटलं, "सर, आमचं पण मोडलं. रामभाऊंचं दूध बंद झाल्यापासून डबाच आहे. पण तुम्ही बसा तरी. एवढे अशक्त झालात, आणि दह्यासाठी उन्हात फिरताय? मी उद्या कुठूनही चांगलं विरजण आणून देते. दही काय, इथूनतिथून सारखंच."

सर पायरीवरच बसले. वाटी मांडीवर घेतली.

"सारखं नाही," म्हणाले. "ते वसुधानं लावलेलं होतं."

मला आधी समजलंच नाही.

"तिला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी. गाडी दारात उभी, आणि ही आत दूध कोमट झालंय का बघतीय. मी ओरडलो तिच्यावर. म्हणाली, आलेच, उद्या तुमच्या जेवणात दही नको का? ती परत आली नाही. घरी आलो तेव्हा ओट्यावर दही लागलेलं होतं." सर वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "त्यातलं चमचाभर काढून दुसरं लावलं. त्यातलं काढून तिसरं. आजपर्यंत मोडू दिलं नाही. तिच्या साड्या आहेत, फोटो आहे, पण त्या संपलेल्या वस्तू आहेत, शैलाताई. हे रोज नवीन होत होतं. रोज तिच्याच हातचं दही खात होतो मी. माझ्याकडं मोडलं तर तुमच्याकडं असावं म्हणून घरोघर दिलं. आयुष्यभर लोकांना शिकवलं, सगळे पर्याय एका ठिकाणी ठेवू नका. आणि मी सगळी घरं एकाच कॉलनीतली धरली. सगळ्यांना एकच गवळी."

मी रडले. सांगायला लाज कसली? डोळे पुसता पुसता मनात एकच चाललं होतं, ही वाटी आपण कुठं कुठं नेली, कुणाला कुणाला दिली. आणि एकदम आठवलं.

"सर! कळंब!"

कळंबला माझ्या सासूबाई राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. मामंजी गेल्यावर आम्ही चला चला म्हणून थकलो, पण त्या गाव सोडत नाहीत, म्हैस सोडत नाहीत. मागं एका पावसाळ्यात त्यांचं विरजण तार धरायला लागलं होतं, तेव्हा मी सरांचं दही डब्यातून नेऊन दिलं होतं. घरची म्हैस, घरचं दूध. रामभाऊंचे गुडघे गेले काय नि राहिले काय, आत्यांना त्याचं काय?

फोन लावला. उचलला नाही. आत्यांचा फोन कायम देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला आणि आत्या कायम गोठ्यात.

"निघायचं का?" मी विचारलं. सर गाडीकडं चालायलासुद्धा लागले होते.

मी गाडी चालवायला बसले, कारण सरांच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. गाडीत ना क्रेट, ना मशीन, ना शेळी. वाटेत कुणाचं काही न्यायचंय का, हेही त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "जंक्शनवरून जाऊ ना?" म्हणाले, "हो, तोच जवळचा."

जवळचा घेतला आणि अडकलो. हंगामाचे दिवस. पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, एकामागं एक, गाणी लावून निवांत चाललेले. त्यातल्या एकाची ट्रॉली कलंडली आणि ऊस रस्ताभर. मागं लांबच लांब रांग. एरवी सर खाली उतरले असते, का कलंडली, भरली किती होती, चाक कुठलं गेलं, सगळं विचारून आले असते. आज ते काचेतून नुसते बघत बसले. सूर्य उसाच्या पलीकडं उतरत होता आणि त्यांचं लक्ष त्याच्यावर होतं. का, ते मला कळंबला गेल्यावर कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या देव्हाऱ्यापुढं हात जोडून उभ्या होत्या. निरांजन नुकतंच लावलेलं. मी चपला काढता काढताच विचारलं, "आत्या, ते मी दिलेलं दही, ते विरजण आहे का अजून?"

"हाय की. न जायला काय झालंय त्याला? ये, बस. ह्ये पाव्हणं कोण म्हणायचं?"

मी मोठा श्वास सोडला. सरांनी भिंतीला हात टेकला. मी सगळं भराभरा सांगितलं, ढवळे सर, त्यांचं दही, आजारपण, डीपी. म्हटलं, "आता वाटीभर द्या, म्हणजे आम्ही लगेच निघतो."

आत्यांनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. "दिवा लागला न्हवं? आता न्हाय. दिवा लागल्यावर मीठ आन विरजण घराच्या भाईर जात न्हाय."

"अहो आत्या!" माझं डोकंच तापलं. "एवढ्या लांबून आलोय. माणूस आजारातून उठून आलाय. एक दिवस नाही पाळलं तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तुझ्या सासऱ्यासाठी मोडलं न्हाय, तर तुझ्यासाठी मोडू व्हय?"

मी आणखी काही बोलणार, तोच सर म्हणाले, "शैलाताई, राहू द्या. त्यांचं बरोबर आहे. वसुधासुद्धा दिवा लागल्यावर देत नसे. मी वाटेत त्याचंच बघत होतो, दिवस मावळायच्या आत पोचतोय का."

आत्यांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पदर खोचला. "द्यायचं न्हाय म्हटलं. जेवायचं न्हाय असं कोण म्हटलं? हात-पाय धुवा. बसा."

पाटावर बसायला सरांना त्रास झाला, पण बसले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, आणि आत्यांनी शिंकाळ्यावरचं गाडगं उतरवून सरांच्या ताटात दही वाढलं. घट्ट, कडेनं पिवळसर साय. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, दह्याला लावला आणि तसाच हातात धरून बसले. मला वाटलं, खात नाहीत की काय. मग खाल्ला. डोळे मिटून, हळूहळू. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. आत्यांनी आणखी एक पळी वाढली.

जरा वेळानं आत्याच म्हणाल्या, "लई गुणाचं दही हाय तुमचं. आंबूस होत न्हाय, उन्हाळ्यात सुदिक. माझ्या भाचीला सुप्याला धाडलं, तिच्या नणंदनं इंदापूरला नेलं. पल्याडच्या आळीत तर किती जणींनी नेलं, माझ्या कुठं ध्येनात ऱ्हातंय? विरजण मागितलं तर न्हाय म्हणू नये. तेवढं दिवा लागायच्या आत या म्हणते."

सरांचा हात खिशाकडं गेला. पेन निघालं. अर्थात, दोन निघाली. मला हसू आलं, रडू पण आलं. आता नकाशा येणार, टाचण्या येणार, सुप्याची भाची कोण, तिची नणंद कुठल्या गल्लीत, सगळं विचारणार.

"लिवून घेताय व्हय?" आत्यांनी विचारलं. "मग तिचं नाव सांगते. पुढचं तिलाच विचारा."

सर हातातल्या पेनाकडं बघत राहिले. मग दोन्ही पेनं परत खिशात ठेवली. "नको," म्हणाले. "मला माहीत नसलेल्या घरांत वसुधा आहे. ते बरं आहे."

"वसुधा कोण?"

"दही लावणारी. माझी बायको."

आत्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आन तवापासनं तुमी एकटंच जेवताय?"

"हो."

"रोज?"

"रोज."

आत्यांनी सरांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.

जेवणं झाल्यावर आत्या म्हणाल्या, "आता एवढ्या अशक्तपणात कुठं जाताय? ऱ्हावा हितंच. आन ती वाटी आणा इकडं. विरजण भाईर जात न्हाय, पर वाटी आत येती की." त्यांनी चुलीवरचं दूध कोमट करून सरांच्या वाटीत ओतलं, गाडग्यातलं दही चमच्यात घेतलं आणि चमचा सरांच्या हातात दिला. "लावा तुमीच."

सरांनी करंगळी दुधात बुडवून पाहिली. चमचा सोडला, सावकाश ढवळलं, वर बशी ठेवली. वसुधाताई हे असंच करत असाव्यात. एवढा मोठा माणूस चुलीपुढं उकिडवा बसून वाटीवर बशी ठेवतोय, आणि ठेवल्यावरही हात काढत नाही. मी तिथून उठून गोठ्यात गेले.

सकाळी वाटीत दही लागलं होतं. सर ती दोन्ही हातांत धरून गाडीत बसले. जाताना मी सहज म्हटलं, "सर, येताना आपण जंक्शनवरून आलो. आता दुसऱ्या रस्त्यानं घेऊ का?"

"नको, त्याच रस्त्यानं. तो गुळगुळीत आहे. दुसऱ्यानं दही हलेल."

आत्या गाडीजवळ आल्या. मागच्या सीटवर त्यांनी एक भोपळा ठेवला, शेंगांची पिशवी ठेवली, म्हणाल्या, "गाडी रिकामी कशाला न्यायची?" सरांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. ही गोष्ट आत्यांना मी सांगितली नव्हती, आणि त्यांनीही सांगितली नव्हती.

गाडी सुरू केली आणि मला खोडी सुचली. इतकी वर्षं त्यांनी मला छळलं होतं, एकदा तरी मला संधी मिळायला नको? मी वाटीकडं बोट दाखवून विचारलं, "सर, आणि हे बंद पडलं तर?"

सर हसले नाहीत. त्यांनी मागं वळून दारात उभ्या असलेल्या आत्यांकडं पाहिलं.

"तर परत येईन," म्हणाले. "जेवायच्या वेळेला."